बुडालेले भात आणि सुटे धडे : शालेय जीवशास्त्राच्या मूळ संकल्पनांची समीक्षात्मक उजळणी

१. या टिपणाचा हेतू

पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याला शालेय जीवशास्त्रातल्या व्याख्या बहुधा पाठ असतात. पेशी म्हणजे सजीवाचे रचनात्मक व कार्यात्मक एकक, श्वसन म्हणजे अन्नघटकांच्या विघटनातून ऊर्जा मिळवणे, जनुक म्हणजे आनुवंशिकतेचे एकक, हे तो न अडखळता सांगतो. पण या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असे विचारले की तो थांबतो. या टिपणात आपण त्या मूळ संकल्पनांची उजळणी करणार आहोत. व्याख्या पुन्हा सांगणे हा त्यामागचा उद्देश नाही. एकच खरा प्रश्न घ्यायचा आणि शाळेत शिकलेल्या संकल्पना तो सोडवायला कुठपर्यंत पुरतात, कुठे अपुऱ्या पडतात, हे तपासायचे. समीक्षेसाठी समोर महाराष्ट्र राज्य मंडळाची आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तके ठेवली आहेत. मात्र आक्षेपांचा रोख एका पुस्तकावर नाही. देशातल्या बहुतेक मंडळांची पुस्तके याच साच्यात बसतात.

२. तिरुविसनल्लूरच का?

प्रश्न ज्या शेतातला आहे ते शेत तमिळनाडूत, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूर या गावी आहे असे समजू. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. तंजावरच्या मराठा राज्याचे संस्थापक व्यंकोजी यांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६९३ मध्ये हे गाव सुमारे पंचेचाळीस विद्वानांना दान दिले. तेव्हा त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. पुढे याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) तंजावरात पाश्चात्त्य विज्ञानाची आस्था जोपासली, देवनागरी टाइपाचा छापखाना घातला आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवून घेतल्या. त्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. एकेका रुग्णाचा डोळा पाहायचा, त्याचे चित्र काढायचे, उपचार लिहायचा, अशी ती रीत होती. आपल्या शालेय पुस्तकांत नेमकी हीच रीत कमी पडते.

कुंभकोणमची आणखी एक आठवण इथे प्रस्तुत आहे. श्रीनिवास रामानुजन इथल्याच टाउन हायस्कुलात शिकले. १९०४ मध्ये ते कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेले. गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. नंतर मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयातही ते एफ. ए.ची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत, आणि तिथे आडवा आलेला विषय होता शरीरक्रियाशास्त्र. त्यात त्यांना दहा टक्क्यांहूनही कमी गुण पडत, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. याचा दोष एका विषयावर टाकता येणार नाही. तरी संबंध शोधणे हाच ज्याच्या बुद्धीचा धर्म होता, त्याच्यासमोर पचनसंस्था जर फक्त नावांची यादी म्हणून आली असेल, तर त्याचे मन तिच्यात रमले नाही यात नवल नाही.

३. प्रश्न

या भागात भाताचा सांबा हंगाम साधारण ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत चालतो. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणजे पीक ऐन वाढीत असताना मुसळधार पावसाने खाचरे तुडुंब भरू शकतात आणि रोपे शेंड्यापर्यंत पाण्याखाली जाऊ शकतात. आता प्रश्न असा :

भात हे पाण्यात वाढणारे पीक असूनही, पूर्ण बुडाल्यावर आठ-दहा दिवसांत बहुतेक जातींची रोपे का मरतात? आणि काही जातींची रोपे दोन आठवडे बुडूनही का जगतात?

ज्याचे पीक आहे त्याच्यासाठी हा प्रश्न हंगामभराच्या कष्टाचा आणि कर्जाचा आहे. उत्तर देण्यासाठी आपल्याला पेशी, श्वसन, प्रकाशसंश्लेषण, जनुक, उत्क्रांती आणि परिसंस्था या सगळ्या संकल्पना लागतील. राज्य मंडळाच्या पुस्तकांत पेशी व पेशीअंगके आठवीत, परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह नववीत आणि आनुवंशिकता, उत्क्रांती व पेशीश्वसन दहावीत येते. तीन वर्षांत विखुरलेले हे धडे एकत्र आणण्याचे काम कोणत्याच धड्याकडे सोपवलेले नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

४. श्वसन : एका शब्दात दोन गोष्टी

सुरुवात श्वसनापासून करू, कारण रोप मरते ते इथेच. मराठीत ‘श्वसन’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक, नाकाने हवा आत घेणे व बाहेर सोडणे. दुसरा, पेशीत ग्लुकोजचे टप्प्याटप्प्याने विघटन होऊन एटीपीच्या रूपात ऊर्जा मिळणे. पुस्तक हा फरक सांगते, पण शब्द तोच राहतो आणि मनात नाक-फुप्फुसाचे चित्र पक्के बसते. मग ‘वनस्पती रात्री श्वसन करतात’ हा गैरसमज सहज रुजतो. खरे तर वनस्पतीची प्रत्येक जिवंत पेशी दिवस-रात्र श्वसन करते. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते आपल्या नजरेस येत नाही, एवढेच.

आता बुडालेले रोप पाहा. ऑक्सिजनचे विसरण हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. पेशीला ऑक्सिजन मिळाला तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे साधारण ३० ते ३२ रेणू मिळतात. जुन्या पुस्तकांत हा आकडा ३८ असे. ऑक्सिजन नसेल तर विनॉक्सिश्वसनातून फक्त २ मिळतात आणि सोबत इथेनॉल तयार होते. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी रोपाला पंधरापट साखर जाळावी लागते. साठा लवकर संपतो आणि रोप उपासमारीने मरते. ‘रोप गुदमरले’ असे आपण बोलण्यात म्हणतो. ‘रोपाची शिदोरी संपली’ हे अधिक अचूक ठरेल.

दहावीच्या पुस्तकात विनॉक्सिश्वसनाच्या विवेचनात, जमीन पाण्याखाली गेल्यास अंकुरणाऱ्या बिया या मार्गाचा आश्रय घेतात, असे एका वाक्यात येते. हे वाक्य त्या धड्यातले सर्वांत मोलाचे आहे. पण ते उदाहरण म्हणून येते आणि विषय पुढे सरकतो. २ आणि ३० या आकड्यांचा एखाद्या रोपाच्या जगण्या-मरण्याशी काय संबंध, हा प्रश्न तिथे विचारला असता, तर ग्लायकोलायसिस आणि क्रेब चक्र ही पाठांतराची ओझी राहिली नसती.

‘पण मग भात एरवी पाण्यात कसे वाढते?’ असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारेल. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या मोठ्या पोकळ्या असलेली ऊती असते. पानांचे शेंडे पाण्याबाहेर असले की त्यांतून ऑक्सिजन नळीतून यावा तसा मुळांपर्यंत पोचतो. पूर्ण बुडाल्यावर ही वाट बंद होते. शाळेत ऊतींचे प्रकार तक्त्यात शिकवतात. ही ऊती कशासाठी आहे हे एकदा कळले की तो तक्ता पाठ करावा लागत नाही.

५. प्रकाशसंश्लेषण : वजन कुठून येते?

शिदोरी आली कुठून? ‘झाड आपले अन्न जमिनीतून घेते’ हा समज पदवीच्या वर्गातही टिकून असतो. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट यांनी विलोचे ५ पौंडांचे रोप मोजलेल्या मातीत लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती जेमतेम दोन औंस घटली. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनते. प्रयोग चांगला होता, निष्कर्ष अर्धाच बरोबर होता, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यांच्या हिशेबातच नव्हता. कोरड्या भाताच्या गंजीतला कार्बन हवेतून आलेला असतो. मातीतून येतात ती नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी पोषकद्रव्ये. ती अत्यावश्यक असली तरी वजनाने थोडी असतात.

पुस्तकात प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण बरोबर दिलेले असते, पण हिशेब मांडलेला नसतो. गढूळ पुराच्या पाण्याखाली प्रकाश कमी पोचतो आणि कार्बन डायऑक्साइडही हळूहळू मिळतो. म्हणजे बुडालेल्या रोपाची कमाई जवळपास थांबते आणि त्याच वेळी खर्च पंधरापट वाढतो. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन हे एकाच खतावणीचे जमा आणि खर्च आहेत. ते दोन वेगळ्या धड्यांत, दोन उलट्या बाणांच्या समीकरणांत शिकवले की ही खतावणी विद्यार्थ्याला दिसत नाही.

६. जनुक : केवळ ‘गुणाचे एकक’ नव्हे

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. काही जाती का जगतात? ओडिशातल्या धलपुटिया या स्थानिक भातातून निवडलेली एफआर १३ ए ही जात पाण्याखाली दोन आठवड्यांपर्यंत तग धरते, हे कृषिशास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून माहीत होते. यामागचे प्रमुख जनुक सब१ए हे आहे, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

ते काय करते ते नीट पाहा. बुडालेल्या रोपात इथिलीन हा वायू तयार होतो आणि पाण्यामुळे बाहेर पडू न शकल्याने साचतो. सामान्य जातीत हा संकेत मिळताच रोप झपाट्याने उंच वाढू लागते, जणू डोके पाण्याबाहेर काढण्यासाठी. या धावपळीत उरलीसुरली साखर संपते. पाणी उतरले की असे लांबट, अशक्त रोप आडवे पडते. सब१ए असलेल्या जातीत तोच इथिलीन या जनुकाचे प्रतिलेखन वाढवतो आणि त्यातून बनणारे प्रथिन वाढीला लगाम घालते. रोप स्वस्थ बसते, शिदोरी पुरवून खाते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते.

इथे शाळेतली व्याख्या अपुरी पडते. मेंडेलच्या वाटाण्यांवरून विद्यार्थी असे चित्र घेऊन येतो की उंचीचे एक जनुक, रंगाचे एक जनुक, आणि जनुक असले की गुण दिसला. सब१ए असलेले रोप कोरड्या दिवसांत इतर रोपांसारखेच दिसते. जनुक असणे आणि जनुक कार्यरत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावीच्या पुस्तकात प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे टप्पे आले आहेत, ही जमेची बाजू आहे. या संज्ञाही सुबोध आहेत. उणीव इतकीच, की हे टप्पे केव्हा सुरू होतात आणि केव्हा थांबतात, म्हणजे नियंत्रणाचा मुद्दा, तिथे पुढे येत नाही. आपल्या यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशींत डीएनए एकच असूनही त्या वेगळ्या का, याचे उत्तर याच नियंत्रणात आहे.

वारशाचे गणितही इथे जिवंत होते. एफआर १३ ए पुरात टिकते, पण तिचे उत्पन्न कमी. स्वर्णा ही जात भरपूर पिकते, पण पुरात टिकत नाही. दोघींचा संकर केला तर पहिल्या पिढीत दाता जातीचा वाटा निम्मा असतो. त्या संततीचा पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर करत गेले की हा वाटा सरासरीने १/४, मग १/८, मग १/१६ होतो. दर पिढीत डीएनएच्या खुणा तपासून सब१ए असलेलीच रोपे ठेवायची. असे करून तयार झालेली स्वर्णा-सब१ ही जात भारतात २००९ मध्ये प्रसारित झाली. कावेरी खोऱ्यात सांबा हंगामासाठी परिचित असलेल्या सीआर १००९ या जातीतही पुढे हेच जनुक आणले गेले. मेंडेलच्या ३:१ या गुणोत्तराबरोबर हे एक उदाहरण शाळेत मांडले, तर आनुवंशिकता हा विषय वाटाण्याच्या शेंगेबाहेर येईल.

७. उत्क्रांती : वर चढणारी पायरी नाही

‘उत्क्रांती’ या शब्दातच एक अडचण आहे. ‘उत्’ म्हणजे वर. वर टाकलेले पाऊल असा अर्थ मनात उमटतो आणि प्रगतीची शिडी डोळ्यांसमोर येते. तिच्या तळाशी जिवाणू असतो आणि शेंड्यावर माणूस. तमिळमध्ये यासाठी ‘परिणामम्’ हा शब्द आहे, म्हणजे रूप पालटणे. त्यात वर-खालीचा भाव नाही. आपण मराठीत शब्द बदलावा असे माझे म्हणणे नाही, तो रुळला आहे. पण शिकवताना त्यातली शिडी काढून घ्यायला हवी.

भाताचे उदाहरण यासाठी नेमके आहे. पाणी अचानक येऊन दोन आठवड्यांत ओसरणार असेल, तर स्वस्थ बसणारे रोप जगते. पाणी हळूहळू चढून महिनोन् महिने खोल राहणार असेल, तर स्वस्थ बसणारे मरते आणि उंच वाढणारे जगते. खोल पाण्यात वाढणाऱ्या भाताच्या अशा जाती आहेत. मग दोन्हींत ‘अधिक उत्क्रांत’ कोण? प्रश्नच चुकीचा आहे. कोणता गुण टिकेल हे पाण्याच्या वागण्यावर ठरते.

दुसरा गैरसमज गरजेचा. ‘पुरात जगण्यासाठी भाताने हे जनुक तयार केले’ अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत सर्रास येतात. गरज म्हणून जनुक तयार होत नाही. डीएनएत बदल गरज न पाहता होतात. काही रोपांत फरक आधीच असतो, पूर येतो, फरक असलेली जास्त टिकतात आणि त्यांचे बी पुढच्या हंगामात जास्त पेरले जाते. धलपुटियाच्या बाबतीत निसर्गाच्या जोडीला बी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांचा हातही होता. म्हणून ‘नैसर्गिक निवड’ या संज्ञेतही कोणी निवडणारा आहे असे समजू नये. ते केवळ परिणामाचे वर्णन आहे.

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे, ही कौतुकाची गोष्ट आहे. याउलट एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा २०२३ मध्ये १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी जाहीर पत्राने विरोध नोंदवला. बारावीत तो विषय आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्याला तो भेटणारच नाही. वर आपण पाहिले त्या उत्तराचा मणकाच हा आहे. तो काढला तर उरतात ती सुटी हाडे.

८. परिसंस्था : खाचराच्या बांधापलीकडे

अन्नसाखळीच्या आकृतीत गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी ओळ असते आणि दर पातळीला साधारण दहा टक्के ऊर्जा पुढे जाते असे सांगतात. आकृती चूक नाही, पण तिच्यात माती आणि पाणी निर्जीव पडद्यासारखे मागे राहतात. तिरुविसनल्लूरच्या खाचरात येणारे पाणी कोडगूच्या डोंगरातून निघते, मेट्टूर धरणात अडते आणि प्रथेप्रमाणे १२ जूनच्या सुमारास त्रिभुज प्रदेशासाठी सोडले जाते. परिसंस्थेची सीमा कुठे आखायची हा निर्णय अभ्यासकाचा असतो, हे विद्यार्थ्याला इथे कळते.

आणि पुन्हा ऑक्सिजन. पाणी साचलेल्या चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथे मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव वाढतात. हा मिथेन वातावरणात जातो तो मुख्यतः भाताच्या त्याच हवेच्या पोकळ्यांतून, ज्यांतून ऑक्सिजन खाली येतो. रोपाला जगवणारी वाटच हरितगृह वायूचे धुराडे ठरते. खाचर सतत भरलेले न ठेवता मधूनमधून सुकू दिले की मिथेन कमी होतो आणि पाणीही वाचते. ऊतीचा तक्ता, श्वसनाचे समीकरण आणि हवामानबदलाचा धडा इथे एकमेकांना भेटतात.

९. शब्दांविषयी एक सूचना

देशभरच्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे. मराठीत ‘पेशी’ म्हणजे जी, ती हिंदीत ‘कोशिका’ आणि तमिळमध्ये ‘उयिरणु’. हिंदीत ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. पदवीला माध्यम बदलले की अनेकांची संकल्पनाच हरवते, कारण ती शब्दाला चिकटलेली असते. आपण ज्याला पेशी म्हणतो ते पटलाने वेढलेले, आत-बाहेरचा व्यवहार नियंत्रित करणारे, आधीच्या पेशीपासूनच निर्माण होणारे जिवंत एकक आहे, एवढे मनात स्पष्ट असेल तर कोणत्याही भाषेतला शब्द चालेल.

१०. समारोप

शालेय पुस्तकांतली माहिती बहुतांशी बरोबर आहे आणि मराठी संज्ञाही बहुतेक चांगल्या आहेत. उणीव आहे ती प्रश्नाची. संकल्पना कुठल्या तरी प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला आली, आणि तो प्रश्न काढून घेतला की मागे उरते ती व्याख्या. उजळणी करताना म्हणूनच यादी घेऊन बसू नका. आपल्या गावातले एखादे शेत, तळे, आजार किंवा झाड घ्या आणि त्याला एक प्रश्न विचारा. जिथे तुमचे उत्तर अडते, ती संकल्पना तुम्हाला अजून आलेली नाही असे समजा आणि तिथूनच वाचायला लागा.

स्वाध्याय

१. बुडालेल्या रोपाचा जमा-खर्च स्वतःच्या शब्दांत मांडा. त्यात एटीपीचे आकडे वापरा.
२. चार वेळा प्रतिसंकर केल्यावर दाता जातीचा सरासरी वाटा किती उरेल? सब१ए स्वतः या सरासरीनुसार का घटत नाही?
३. ‘जिराफाने मान लांब केली’ या वाक्यातली चूक सांगा आणि ते दुरुस्त करून लिहा.
४. तुमच्या जिल्ह्यातल्या एका पिकाचा असा प्रश्न निवडा, ज्याचे उत्तर देताना किमान तीन धडे एकत्र आणावे लागतील.